फेब्रुवारीतला पाऊस

पुण्यात पीएचडीची तोंडी परीक्षा ही परीक्षा कमी आणि साखरपुडा जास्त असते. निकाल ठरलेला, पाहुणे बोलावलेले, बटाटेवडे आदल्या दिवशीच सांगून ठेवलेले. परीक्षकांसाठी शाल-श्रीफळाचं ताट कोपऱ्यात झाकून ठेवतात आणि उमेदवार नापास होईल अशी शंका त्या ताटालासुद्धा येत नाही.

संभाजी ढमालेच्या बाबतीत तर फक्त परीक्षाच तेवढी व्हायची राहिली होती. सकाळी घरातून निघताना विजयमालानं गाडीतून पाहिलं, तर धायरी फाट्यावर नवऱ्याचा फ्लेक्स लागलेला. 'डॉ. संभाजीराव हिंदुराव ढमाले यांचे हार्दिक अभिनंदन!' अंगात सूट, हातात पुस्तक, डोळ्यांवर चष्मा. संभाजीला चष्मा नव्हताच. तो फ्लेक्सवाल्यानं आपल्या पदरचा घातला होता. खाली शुभेच्छुकांचे फोटो ओळीनं लावले होते आणि त्यात एकही बाई नव्हती.

"दिसतोय का न्हाई डाक्टरवानी?" पुढच्या सीटवरून सासऱ्यांनी, हिंदुरावांनी, मान न वळवता विचारलं.

मागे सासूबाई मुक्ताबाई आणि विजयमाला, दोघींच्या मांडीवर पेढ्यांचे बॉक्स. विजयमाला खिडकीबाहेर बघू लागली. तिच्या डोक्यात रागानं ठणका लागला होता, आणि तो आजचा नव्हता.

कारण तो प्रबंध तिचा होता. हे आडून आडून सांगण्यात काही अर्थ नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, चित्रांसकट, तिचा होता.

लग्नाआधीच तिनं कर्वेनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या डॉ. श्यामसुंदर सरांकडे पीएचडीची नोंदणी केली होती. विषय होता धायरी परिसरातल्या विहिरींमधले सूक्ष्म जीव. पुढे लग्न करून ती नेमकी धायरीतच आली, तेव्हा सगळे म्हणाले, नशीब काढलंस बाई, विहिरी अगदी दारात. दर महिन्याला ती त्याच विहिरींवर जायची. बारीक विणीची जाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची, सावकाश वर ओढायची, हाती लागेल ते बाटलीत भरायचं आणि कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आसपास इमारती उठल्या, त्यांचं सांडपाणी जमिनीत मुरायला लागलं, तसे कोणते जीव आधी नाहीसे होतात आणि कोणते चिवटपणे टिकतात, हे तिला शोधायचं होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या, गेनबांच्या, विहिरीला कठडा नव्हता. तिथं ती पालथी झोपून जाळी सोडायची. दिवस राहिले आणि पोट मोठं झालं तेव्हा गुडघ्यांवर बसून सोडायची.

मुलगी झाली. तीन महिन्यांनी ती पुन्हा विहिरींवर गेली, राहिलेलं काम पुरं केलं आणि लेकीला मांडीवर थोपटत प्रबंध लिहून काढला. मधल्या काळात नोंदणीचे सहामाही अहवाल भरायची जबाबदारी संभाजीनं हौसेनं घेतली होती. "तू बाळाकडे बघ गं, मी रोज तिकडूनच जातो." ते अहवाल भरलेच गेले नाहीत. नोंदणी रद्द झाली. आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तिला कळलं, की त्याच विषयाला, त्याच सरांकडे, संभाजीची नोंदणी कधीचीच झालेली आहे.

हिंदुरावांची शिक्षणसंस्था होती. शेतजमिनीवर बिल्डिंगा आल्या तशी एका तुकड्यावर संस्था आली. विज्ञान, वाणिज्य, मॅनेजमेंट, बी.एड., नर्सिंग, सगळं एका छपराखाली. संभाजी तिथं प्रभारी प्राचार्य होता. त्याच्या नावामागचा हा 'प्रभारी' पीएचडीशिवाय जाणार नव्हता आणि तो शब्द हिंदुरावांना पायातल्या काट्यासारखा सलत होता.

श्यामसुंदर सर एका रविवारी घरी जेवायला आले तेव्हा तिचा प्रबंध आता संभाजीच्या नावावर जाणार, हे तिला गोडीगुलाबीनं सांगण्यात आलं. सरांनी मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करत म्हटलं, "नाव कुणाचंही असलं वहिनी, तरी काम घरातच राहतंय ना?" विजयमाला वाढता वाढता पातेलं तिथंच ठेवून आत गेली आणि बॅग भरून माहेरी निघाली. माहेरच्यांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतः आणून सोडलं. आई म्हणाली, "प्राचार्यांची बायको होशील. ते काय कमी आहे?"

तेव्हापासून ती गप्प होती. गप्प बसण्याला लोक समजूतदारपणा म्हणतात. तो समजूतदारपणा नव्हता. दार बाहेरून लावलेलं असलं की माणूस आत शांत बसतो, तसं होतं ते.

प्रबंध संभाजीच्या नावावर जाताना सरांनी त्यातलं एकच वाक्य काढलं. फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांत संशोधक प्रसूतिरजेवर असल्यामुळे नमुने घेता आले नाहीत, असं तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. "हे आता शोभायचं नाही," असं म्हणून सर खळखळून हसले होते. संभाजीही हसला होता. वाक्य गेलं. नमुन्यांमधला खड्डा तसाच राहिला आणि तो कुणी बुजवला नाही, कारण प्रबंध पुन्हा एकदा वाचायची तसदी दोघांपैकी कुणालाही घ्यायची नव्हती.

आज परीक्षेला सरांच्या कॉलेजचं सभागृह भरलं होतं. संस्थेचे मास्तर, गावकीतली माणसं, मंडळाची पोरं. बाहेरचे परीक्षक म्हणून वासंती आगाशे आल्या होत्या. आयुष्यभर परगावच्या विद्यापीठात शिकवून निवृत्तीनंतर पुण्यात परतलेल्या, सुती साडीतल्या, हाडकुळ्या बाई. त्यांच्यासाठी आणलेला बुके त्यांनी खुर्चीखाली ठेवला. "पाणी द्या. बाकी काही नको," असं म्हणून त्यांनी प्रबंध उघडला. त्यात जागोजागी कागदाच्या चिठ्ठ्या घातलेल्या होत्या. ते पाहून श्यामसुंदर सरांचा चेहरा जरासा उतरला.

संभाजीनं पाठ केलेलं सगळं नीट म्हणून दाखवलं. गेला महिनाभर तो रोज विजयमालाकडूनच ते घोकून घेत होता. विहिरींचे फोटो पडद्यावर येत होते. त्यातल्या एकात विहिरीच्या काठावर उन्हानं पडलेली सावली होती, साडीच्या पदराची. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. शेवटी आभार आले. आईवडील, मार्गदर्शक, मित्रमंडळ आणि "माझी पत्नी विजयमाला, जिनं मला वेळोवेळी चहा करून दिला." सभागृह कौतुकानं हसलं. तिसऱ्या रांगेत विजयमालानं पेढ्यांच्या बॉक्सची दोरी बोटाला इतकी करकचून गुंडाळली की बोट पांढरं पडलं.

वासंतीबाईंनी दोन-चार साधे प्रश्न विचारले. संभाजीनं उत्तरं दिली. मग त्यांनी एक चिठ्ठी काढून बाजूला ठेवली.

"ढमाले, फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल. एकाही विहिरीचा नमुना नाही. त्याआधी एक महिना चुकलेला नाही, त्यानंतरही नाही. एवढ्या शिस्तीच्या माणसाला मध्येच काय झालं?"

संभाजीनं घसा खाकरला. "मॅडम, ॲक्चुअली त्या पीरियडमध्ये पाऊस फार होता. विहिरींपर्यंत जाता येत नव्हतं."

"फेब्रुवारीत?"

"अवकाळी, मॅडम."

"तीन महिने?" वासंतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मी त्या वर्षी पुण्यातच होते. माझ्या गच्चीवर पापड वाळत होते."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. श्यामसुंदर सर अर्धवट उठले. "मॅडम, प्रत्यक्ष फिरताना काही व्यावहारिक अडचणी..."

"बसा. उमेदवाराला बोलता येतं असं मघाशी दिसलं."

संभाजीनं माइक या हातातून त्या हातात घेतला. त्यानं सरांकडे पाहिलं, सरांनी टेबलाकडे पाहिलं. आणि मग त्यानं ते केलं जे तो घरी रोज करायचा. आकृती कळली नाही की, शब्द अडला की, स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तो जसा विचारायचा, अगदी तसाच, हातातल्या माइकसकट तो तिसऱ्या रांगेकडे वळला.

"विजू, तेव्हा काय झालं होतं गं? आपण का नव्हते घेतले सॅम्पल्स?"

सभागृह खो खो हसलं. प्रेमानं हसलं, हेच तर संतापजनक होतं. "वहिनी पाठीशी आहेत!" मंडळाचा कुणीतरी ओरडला. हिंदुरावही मिशीत हसले. एवढ्या मोठ्या परीक्षेत नवरा बायकोला विचारतो यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. घरचं कार्य, घरच्या बाईला विचारलं, त्यात काय मोठंसं.

विजयमालाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. 'विहिरींचा गाळ काढत होते.' एवढं म्हटलं असतं की झालं. संभाजीनं ते उचलून माइकवर म्हटलं असतं, टाळ्या पडल्या असत्या, वडे आले असते. इतकी वर्षं ती हेच करत आली होती. तोंड उघडलंही तिनं. आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की हा माणूस बनाव करत नाहीये. याला खरोखर आठवत नाहीये. दर फेब्रुवारीत लेकीच्या वाढदिवसाचा केक कापताना हाच फोटोत सगळ्यांच्या पुढे असतो. आणि याला आठवत नाही, फेब्रुवारीत काय झालं होतं.

प्रबंध नेला होता, नाव नेलं होतं, विहिरी नेल्या होत्या. ते सगळं तिनं दात-ओठ खाऊन गिळलं होतं. पण ज्या कळा तिनं सोसल्या, त्याही याच्या हिशेबी रिकामी जागा होत्या, आणि ती रिकामी जागा भरून द्यायला तो तिलाच सांगत होता!

ती उभी राहिली. मांडीवरचे बॉक्स खाली पडले.

"तेव्हा मी बाळंत झाले होते," ती म्हणाली.

तिचा आवाज फुटला नाही, चढलाही नाही. माइक नसताना तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला. हसू एकदम थांबलं.

वासंतीबाईंनी चष्मा काढला. "आपण बाळंत झाला होतात. आणि उमेदवार?"

"उमेदवार नर्सिंग होमच्या दारात बर्फी वाटत होते."

"मग बर्फी वाटून झाल्यावर विहिरींवर जायला त्यांना काय हरकत होती?"

"विहिरी कुठं आहेत ते त्यांना माहीत नव्हतं."

"विजू!" संभाजी ओरडला. तोही माइकवरूनच.

श्यामसुंदर सर आता पूर्ण उभे राहिले होते. "मॅडम, हा पतिपत्नींमधला घरगुती मामला आहे. आपण इथं..."

"घरगुती?" वासंतीबाईंनी शांतपणे विचारलं. "त्या विहिरीत सोडलेल्या जाळीची दोरी कुणाच्या हातात होती, एवढंच मी विचारते आहे. आणि ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खरं ना?"

सर खाली बसले. वासंतीबाईंनी प्रबंध मिटला, पेनाला टोपण लावलं. "मी सही करणार नाही. विद्यापीठाला काय कळवायचं ते कळवीन. तुमचे वडे निवतायत, ते खाऊन घ्या."

बाहेरच्या व्हरांड्यात हिंदुरावांनी तिला गाठलं. त्यांचा चेहरा काळानिळा झाला होता. "घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीस. घराण्याची लाज घालवलीस पार."

"मी नाही आणली. माइक तुमच्या मुलाच्या हातात होता."

"एक वाक्य बोलायचं होतंस," संभाजी दात आवळून म्हणाला. "एकच. गाळ काढत होते म्हणायचं. माझं सगळं करिअर घालवलंस तू."

म्हणजे गाळाचं आत्ता सुचलं होतं. विजयमालाला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. इतकी खरीखुरी वाटली की तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "लेकीचा वाढदिवस कधी असतो हो?" तिनं विचारलं.

"मी टेन्शनमध्ये होतो!"

"मी नव्हते टेन्शनमध्ये? मी पेढे सांभाळत होते."

बापलेक गाडीत बसून निघून गेले. बायकांना घेऊन जायचं असतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं म्हणूनच गेले. गेटाशी सासूसुना रिक्षाची वाट पाहत उभ्या राहिल्या. वासंतीबाई छत्री काखेत मारून बाहेर आल्या आणि विजयमालापाशी थांबल्या.

तिला वाटलं, आता या पाठीवरून हात फिरवतील. तसं केलं असतं तर ती तिथंच रडली असती.

"तुमचं उत्तर पटलं," वासंतीबाई म्हणाल्या. "पण नमुने नाहीत ते नाहीतच. उन्हाळा सुरू होताना पाणी उतरतं, तेव्हाच तर खरी गंमत. ते महिने नसतील तर तुमचा निष्कर्ष लंगडा आहे."

"माहीत आहे मला," विजयमाला तडकून म्हणाली. "ते महिने मी हौसेनं घरात बसून घालवले नाहीत, बाई."

"मग ते नमुने पुन्हा घ्या. नोंदणी नव्यानं करा, दुसऱ्या कॉलेजात करा. कुणी आडवं आलं तर माझ्याकडे या. काम कच्चं ठेवून मात्र येऊ नका." आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या.

विजयमालाला त्यांचाही राग आला. घरी पोचेपर्यंत मात्र तिच्या लक्षात आलं, की त्या विहिरींबद्दल तिच्याशी, तिचं काम म्हणून, गेल्या कित्येक वर्षांत कुणी पहिल्यांदाच भांडलं होतं.

रिक्षात मुक्ताबाई सिंहगड रोडपर्यंत मांडीवरचा पेढ्यांचा बॉक्स सावरत बसल्या. मग म्हणाल्या, "पोराचं वाटुळं केलंस."

"हो. केलं."

धायरी महापालिकेत जायच्या आधी गावात बाईचं आरक्षण पडलं, तेव्हा मुक्ताबाई सरपंच झाल्या होत्या. सह्या त्यांनी केल्या, खुर्चीत हिंदुराव बसले. ग्रामपंचायत गेली, तरी बंगल्याच्या फाटकावर 'सौ. मुक्ताबाई हिंदुराव ढमाले, माजी सरपंच' ही पितळी पाटी होती. हिंदुराव ती दर दिवाळीला घासून घ्यायचे, मुक्ताबाईंकडूनच.

"मला बी एकदा इचारलं व्हतं," मुक्ताबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "कलेक्टर आला व्हता गावात. म्हनला, सरपंच कोन? मी ह्यांच्याकडं बघितलं. आन हे पुढं झाले."

"का बघितलंत त्यांच्याकडे?" विजयमालाचा राग अजून उतरला नव्हता. "का नाही म्हणालात, मी म्हणून?"

रिक्षा धायरीपर्यंत आली. फाट्यावर फ्लेक्स तसाच होता. तो पुढे कितीतरी दिवस तसाच राहिला. काढायला जाणाऱ्याला चारचौघांनी कारण विचारलं असतं, म्हणून कुणी काढलाच नाही. वाऱ्यानं त्याचा एक कोपरा सुटला आणि चष्मेवाले डॉ. संभाजीराव येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर फडफडत राहिले.

घरात बोलणं बंद झालं. जेवायला वाढलं तर बापलेक जेवायचे, नाही वाढलं तर ओरडायचे. संभाजी मुलीशी बोलायचा तेही विजयमालाला ऐकू जाईल असं, टोमणे मारून. तिनं बिबवेवाडीतल्या एका कॉलेजात नव्यानं नोंदणी केली. अहवाल भरायला स्वतः गेली. अर्ज घेणाऱ्या कारकुनानं विचारलं, "मिस्टरांची हरकत नाही ना?" तेव्हा तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं शिक्का मारला.

मग फेब्रुवारी आला. विहिरींचं पाणी उतरायला लागलं होतं. सकाळी लेकीला शाळेच्या गाडीत बसवून विजयमालानं माळ्यावरची जाळी काढली, दोरीची गाठ ओढून पाहिली, बाटल्या पिशवीत भरल्या आणि ती अंगणात आली. हिंदुराव फाटकाशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. इतक्या महिन्यांत ते तिच्याशी थेट बोलले नव्हते. आताही बोलले नाहीत. पेपर खाली घेऊन घराकडे तोंड करून गरजले.

"कुनाला इचारून चाललीया ही?"

विजयमाला थांबली. तोंडापर्यंत आलेलं उत्तर जहाल होतं आणि ती ते देणारच होती. पण तिच्या मागून चपलांचा आवाज आला. मुक्ताबाई पदर खोचून बाहेर आल्या होत्या. त्यांनी सुनेच्या हातातली दोरीची गुंडाळी घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली.

"मला इचारून."

"तुला?" हिंदुरावांनी पेपर आपटला. "तू कोन गं लागून गेलीस?"

मुक्ताबाईंनी फाटक उघडलं. जाता जाता त्यांनी पितळी पाटीवर बोट आपटलं.

"वाचा की. तुमीच लावलीया."

आणि त्या सुनेच्या पुढे, गेनबांच्या विहिरीच्या वाटेला लागल्या.